अफवेचा रोख

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला एका रात्री कुणीतरी डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. ते कृत्य आपले होते, असे दामोदर हरी चापेकर यांनी पुढे तुरुंगात लिहून ठेवले. त्या वेळी मात्र करणारा कोण हे शहराला ठाऊक नव्हते, आणि शहरात त्याच सुमारास गाठीचा ताप पसरत चालला होता. मांडवीतल्या रुग्णांचा आजार प्लेगच आहे, हे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबरात सांगितले होते. पुतळ्याची विटंबना आणि तापाची साथ या दोन गोष्टींची लोकांनी सांगड घातली. राणीचा कोप झाला आहे, तिने बदल्यात माणसांची काळिजे मागवली आहेत आणि ती काढण्याचे काम सरकारी इस्पितळात चालते, अशी बोलवा उठली. तिच्या जोडीला आणखी एक, तिच्याहून जुनी बोलवा होती: रुग्णाला उलटा टांगतात, डोक्याखाली जाळ करतात आणि जे गळते त्यातून ‘मोमियाई’ नावाचे औषध काढतात. २९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर चालून गेले.

अडाणी लोकांनी खुळ्या समजुतीपोटी केलेला दंगा, एवढे म्हणून हा प्रसंग बाजूला सारायची आपल्याकडे सवय आहे. त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तसेच केले. करोनाच्या काळात लसीविषयी पसरलेल्या गोष्टी ऐकून आपल्यातल्या शिकल्यासवरल्यांनीही तसेच केले. हे निदान मला चुकीचे वाटते आणि घातकही वाटते. साथीच्या काळातली कारस्थानाची अफवा रोगाबद्दल फारच थोडे बोलते. रोगाच्या नावाने जी सत्ता दारात येऊन उभी राहते, तिच्याबद्दल ती बोलत असते: ही माणसे कोण, यांना आमच्याकडून काय हवे आहे, आमचा जीव यांच्या लेखी किती मोलाचा आहे. या प्रश्नांना अफवा जे उत्तर देते ते खोटे असते, कधी कधी भयंकर खोटे असते. पण प्रश्न खरे असतात, आणि त्यांचे उत्तर लोक आरोग्य खात्याच्या पत्रकात शोधत नाहीत. त्या खात्याने काल काय केले आणि आज ते काय करते आहे, यावर ते ठरते.

आर्थर रोडवर चालून गेलेल्या कामगाराने त्या आणि पुढच्या काही महिन्यांत काय पाहिले, हे आधी पाहू. प्लेगचा जंतू अलेक्झांद्र येर्सिन याने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधून काढला होता. पण तो जंतू माणसापर्यंत कसा पोचतो, हे १८९६ मध्ये सरकारलाही माहीत नव्हते. उंदराच्या अंगावरची पिसू तो वाहून नेते, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले, आणि ते सर्वमान्य व्हायला पुढे आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत सरकारचा सगळा भर घाण, कोंदट हवा आणि माणसांचा स्पर्श यांवर होता. म्हणून गटारे कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचे पाणी सोडून धुतली गेली, घरांची कौले उतरवली गेली, जमिनी खणल्या गेल्या, अंथरूण-पांघरूण जाळले गेले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि घरात शिरण्याचा, माणूस उचलून नेण्याचा, प्रवासी थांबवून तपासण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. रेल्वे स्थानकांवर बायकापुरुषांच्या काखा आणि जांघा चाचपल्या जाऊ लागल्या. रुग्ण इस्पितळात आणि घरची धडधाकट माणसे छावणीत, अशी ताटातूट सुरू झाली. आणि इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, कारण या रोगावर औषधच नव्हते आणि लोक शेवटच्या घटकेपर्यंत रुग्णाला घरात लपवून ठेवत.

ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. इस्पितळात माणूस मरतो, हे शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. इस्पितळ माणसाला मारते, हा त्यातून काढलेला चुकीचा निष्कर्ष होता. तो चुकीचा का, हे कळण्यासाठी ज्यांच्याकडे माहिती होती त्यांच्यावर भरवसा असायला हवा होता, आणि त्यांना लोक प्रथमच भेटत होते तेही गोऱ्या शिपायाच्या किंवा पोलिसाच्या रूपात. भीतीपोटी रुग्ण लपवला, की तो उशिरा सापडे. उशिरा सापडला, की इस्पितळात मरे. मेला, की भीती खरी ठरे. अफवेला हवा तो पुरावा अफवेमुळेच घडणारे वागणे तयार करीत होते. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली, आणि जाणाऱ्यांबरोबर रोगही बाहेर गेला.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्यांना अडाणी म्हटले गेले त्यांच्यापाशीही रोगाचे काही ज्ञान होते. घरात उंदीर पडू लागले, की गाव सोडायचे, रानात झोपड्या बांधून राहायचे आणि उंदीर पडायचे थांबले की परतायचे, हा उपाय खेड्यापाड्यांतून चालत होता. आज आपल्याला कळते, की साथीच्या उगमापासून दूर जाणे ते हेच होते. १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगानेही पुढे वस्ती हलवण्याचा उपाय उपयुक्त ठरवला. म्हणजे एका बाजूला रोगाविषयी बरोबर असलेले आणि सत्तेविषयी भलतेच सांगणारे लोक होते, तर दुसऱ्या बाजूला रोग नीट न कळताही पूर्ण खात्रीने घरे उकरणारे सरकार होते. अफवांचा इतिहास लिहिताना ही दुसरी बाजू सहसा गाळली जाते.

मानसशास्त्राने गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयावर बरेच काम केले आहे. २००८ मध्ये जेनिफर व्हिटसन आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या हातात काही उरले नाही अशी भावना ज्यांच्यात जागवली होती, त्या लोकांना नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातही आकृत्या दिसू लागल्या आणि साध्या घटनांमागे कट दिसू लागले. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम इतका स्वच्छ आढळला नाही, हेही सांगायला हवे. प्रयोगशाळेत पाच मिनिटांसाठी जागवलेली असहायता आणि तीन पोरांना ताप असताना अनुभवलेली असहायता या एका मापाच्या गोष्टी नाहीत. कॅरन डग्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतींमागच्या प्रेरणा ढोबळमानाने सांगितल्या आहेत: घडते आहे त्याचा अर्थ लागावा, सुरक्षित वाटावे आणि आपल्या माणसांचे मोल शाबूत राहावे. मुंबईच्या अफवेत या तिन्ही दिसतात, पण मला तिसरी सर्वांत महत्त्वाची वाटते. चाळीतल्या माणसाच्या मृत्यूची दखल कुणी घेत नव्हते. अफवेत मात्र खुद्द राणीला त्याचे काळीज हवे होते. निरर्थक मरणापेक्षा कुणीतरी ठरवून दिलेले मरण सोसायला सोपे जाते, कारण त्यात निदान शत्रूला तोंड असते आणि त्याच्यावर चालून जाता येते.

याहून उपयोगी शोध करोनाच्या पहिल्या लाटेतला आहे. रोलँड इमहॉफ आणि पिया लँबर्टी या जर्मन संशोधकांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या लोकांना दोन वेगवेगळ्या समजुतींबद्दल विचारले. हा रोग म्हणजे निव्वळ थोतांड आहे, असे मानणारे लोक हात धुणे, अंतर पाळणे यांसारखी पथ्ये कमी पाळत होते. हा विषाणू मुद्दाम बनवून सोडला आहे, असे मानणारे मात्र आपल्यापुरती तयारी करण्याकडे, साठा करून ठेवण्याकडे झुकत होते. कारस्थानावर विश्वास ठेवणारे लोक सगळे एकसारखेच वागतात, ही समजूत यामुळे मोडते. अफवा कोणती आहे यावर माणूस काय करील हे ठरते. १८९७ मध्ये इस्पितळ मारते असे मानणाऱ्याने रुग्ण माळ्यावर दडवला, आणि सारे शहरच शापित झाले असे मानणाऱ्याने पहिली गाडी पकडली. दोघांना एकच उपदेश करून चालले नसते. आजही आरोग्य खाते ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असा एकच फलक सगळीकडे लावते, तेव्हा तो कुणासाठी आहे हा प्रश्न पडतो.

पुण्यात गोष्ट अधिक गुंतागुंतीची झाली, आणि या विषयावर विचार करणाऱ्याने तिथे थांबायलाच हवे. वॉल्टर चार्ल्स रँड याच्या प्लेग कमिटीने मार्च ते मे १८९७ या काळात लष्कराकडून घरझडत्या करवल्या. देवघरात बूट घालून शिरणे, सामान रस्त्यावर टाकणे, बायकांची भर चौकात तपासणी, चोऱ्या, अशा तक्रारींचा पाऊस पडला. यातल्या कितीतरी खऱ्या होत्या. पंडिता रमाबाई या तर धर्माने ख्रिस्ती, सरकारविरोधी चळवळीशी संबंध नसलेल्या. त्यांनीही प्लेगच्या इस्पितळातल्या व्यवस्थेविरुद्ध जाहीर पत्र लिहिले, आणि सरकारने ते झिडकारले. त्याच वेळी गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप तिथल्या वृत्तपत्रात केला. परतल्यावर त्याला पुरावा देता येईना, पत्रे लिहिणारे पुढे येईनात, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. तोवर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

गोखल्यांच्या माफीतून जे नुकसान झाले ते मला अफवेचे सर्वांत मोठे नुकसान वाटते. माफीनंतर सरकारला म्हणता आले, की तक्रारी सगळ्याच बनावट होत्या. देवघरातल्या बुटांची, भर रस्त्यातल्या तपासणीची, वाटेत हरवलेल्या दागिन्यांची तक्रार खरी असूनही त्या एका न सिद्ध झालेल्या आरोपाबरोबर वाहून गेली. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची बाजू अतिशयोक्तीमुळे दुबळी होते, आणि ज्याने अन्याय केला त्याला निसटायला वाट मिळते. अफवा हा दुबळ्यांचा निषेध असतो, असे म्हणून तिचे कौतुक करणारे काही अभ्यासक आहेत. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. निषेध असतोच, पण त्याची किंमत ज्याचा निषेध करायचा त्याला क्वचितच मोजावी लागते. लपवलेला रुग्ण सरकारी बंगल्यात नव्हता, तो बुधवार पेठेतल्या माळ्यावर होता आणि त्याच्या शेजारी त्याची बहीण झोपत होती.

लोक कुणाचे ऐकत होते, हेही त्याच वर्षाने दाखवून दिले. सावित्रीबाई फुले पुण्याजवळ आपले दत्तक पुत्र यशवंतराव यांनी उघडलेल्या दवाखान्यात रुग्णांना स्वतः आणत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. लोकमान्य टिळक सरकारच्या पद्धतीवर ‘केसरी’तून टीका करत होते, पण शहर सोडून गेले नाहीत, त्यांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ उभे केले. मुंबईत निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली इस्पितळे काढली आणि तिथे लोक आपण होऊन गेले. औषध दोन्हीकडे सारखेच निरुपयोगी होते. फरक एवढाच, की इथे पाणी पाजणारा हात ओळखीचा होता आणि मेल्यावर देहाचे काय होणार हे ठाऊक होते. लसीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लगेच बोलवा उठल्या: टोचल्यावर पुरुषत्व जाते, बाई वांझ होते, माणूस जागीच मरतो. त्याच शहरात खोजा जमातीचे धर्मगुरू तरुण आगाखान यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली आणि जमातीसमोर स्वतःला जाहीरपणे टोचून घेतले, आणि हजारो खोजांनी त्यांच्यामागून लस घेतली. तीच लस, तोच काळ, तेच शहर. खोजांना जंतुशास्त्र इतरांपेक्षा जास्त कळत होते, असे कुणी म्हणणार नाही.

अर्थात विश्वास मिळवणे पुरेसे नसते, तो खरा करून दाखवावा लागतो. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष बाटली उघडतानाच्या निष्काळजीपणात होता, असे पुढे स्पष्ट झाले. पण सरकारने खापर हाफकिन यांच्यावर फोडले, आणि त्यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडावे लागले. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांना त्यासाठी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लिहावे लागले. काय चुकले हे तातडीने, खरेखरे आणि पंजाबीत सांगितले गेले असते तर? ते झाले नाही. १९ मृत्यू खरे होते आणि त्यांच्याविषयीचे मौनही खरे होते. उरलेली जागा बोलवेने भरून काढली. भारतात त्या साथीने पुढच्या दोन-तीन दशकांत सुमारे १ कोटी २० लाख माणसे नेली, आणि त्यातला मोठा वाटा पंजाबचा होता.

स्वतंत्र भारतात हीच साखळी पुन्हा जुळली. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८० लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या असंख्य जबरदस्तीने झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पंचवीस वर्षांनी उत्तर प्रदेशात पोलिओचे डोस घेऊन माणसे दारात आली, तेव्हा विशेषतः मुस्लिम वस्त्यांतून एकच कुजबुज ऐकू आली: या थेंबांनी पोरे नपुंसक होतात. २००२ मध्ये देशात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण सापडले, त्यांतले तीन-चतुर्थांशांहून अधिक त्या एका राज्यातले होते. ही कुजबुज शास्त्राच्या दृष्टीने निखालस खोटी होती. पण सरकार मूल न होण्याचा इलाज दारात आणून करते, हे त्या आईबापांच्या पिढीने पाहिलेले होते. त्यांचा आणखी एक प्रश्न होता, आणि तो मला फार रास्त वाटतो: हगवणीने मूल मेले तरी कुणी फिरकत नाही, गटार तुंबले तरी कुणी येत नाही, मग हेच एक औषध महिन्या-दोन महिन्यांनी फुकट द्यायला यांना एवढी घाई का? शिवाय पाच-सात वेळा डोस घेतलेल्या मुलालाही पोलिओ होत होता, कारण दाट वस्ती आणि पोटाचे सततचे आजार यांमुळे तिथे लस कमी परिणामकारक ठरत होती. म्हणजे संशयाला पुरावाही मिळत होता.

ही कोंडी फुटली ती जाहिरातीने फुटली नाही. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया, देवबंद यांसारख्या संस्थांना बरोबर घेतले गेले, मशिदींतून घोषणा झाल्या, आणि वस्तीतल्याच बायका युनिसेफच्या मदतीने घरोघरी जाऊ लागल्या. नकार देणाऱ्या घराचे कारण काय, याची नोंद होऊ लागली. २००९ पासून उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या सर्वाधिक जोखमीच्या १०७ तालुक्यांत पोलिओबरोबर हगवणीवरचे उपचार, स्वच्छता, स्तनपान यांवरही काम सुरू झाले. आईबापांच्या त्या रास्त प्रश्नाचे हे खरे उत्तर होते. २०१० मध्ये अधिक परिणामकारक लस आली. शास्त्र सुधारले आणि वागणूकही सुधारली. कुणाचे श्रेय किती, हे वेगळे काढणे अवघड आहे आणि काढायची गरजही नाही. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडलेला रुग्ण देशातला अखेरचा ठरला. त्याच वर्षी सीमेपलीकडे उलटे घडले. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने अबोटाबादमध्ये हिपॅटायटिस-बी लसीकरणाचा बनाव रचला. लसवाले हेर असतात, ही अफवा एका रात्रीत वस्तुस्थिती झाली. मोनिका मार्टिनेझ-ब्राव्हो आणि आंद्रेआस श्टेगमान या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर दाखवले, की इस्लामी पक्षांचा जोर असलेल्या जिल्ह्यांत लसीकरण इतरांच्या तुलनेत २३ ते ३९ टक्क्यांनी घसरले. पोलिओचे डोस पाजणाऱ्या बायकांना पाकिस्तानात गोळ्या घातल्या गेल्या. यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही, असे वचन अमेरिकी सरकारने २०१४ मध्ये दिले.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की अफवेचे मूळ सत्तेच्या वागण्यात शोधायचे तर सत्ताधारीच अफवेवर विश्वास ठेवतात त्याचे काय? दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळेच एड्स होतो हे मानायला खळखळ केली, औषधे विषारी म्हणून रोखून धरली, आणि त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण-बीटची महती सांगत राहिल्या. हार्वर्डच्या संशोधकांच्या अंदाजाने २००० ते २००५ या काळात त्यापायी ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे जिवाला मुकली. हा आक्षेप गंभीर आहे. म्बेकींच्या संशयालाही इतिहास होता: वर्णभेदी राजवटीने जैविक आणि रासायनिक अस्त्रांचा गुप्त कार्यक्रम चालवला होता आणि त्याची माहिती १९९८ मध्ये सत्यशोधन आयोगासमोर उघड झाली होती. पण संशयाला कारण असणे आणि समजूत बरोबर असणे या दोन गोष्टी आहेत, आणि ज्याच्या हाती औषधाची किल्ली आहे त्याला तर संशयाची चैन परवडूच नये. तिथे मार्ग काढला तो रुग्णांच्याच संघटनेने. ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’च्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून विषाणू काय करतो, औषध काय करते हे लोकांना शिकवले आणि न्यायालयात धाव घेतली, २००२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने गरोदर स्त्रियांना नेव्हिरॅपिन हे एचआयव्हीवरचे औषध देण्याचा आदेश सरकारला दिला. ज्यांना अडाणी समजायचे तेच लोक राष्ट्राध्यक्षापेक्षा जास्त शास्त्र शिकले, कारण शिकवणारे त्यांच्यातलेच होते आणि शिकण्यावर त्यांचा जीव अवलंबून होता.

दुसरा आक्षेप अफवांच्या व्यापाऱ्यांचा. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवराच्या लसीवर स्वमग्नतेचा संशय टाकला, त्यात फेरफार होते, लसीविरुद्ध दावे लढवणाऱ्या वकिलांकडून त्यांनी पैसे घेतले होते, आणि २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. इथे कुठली जुलमी सत्ता होती? खोटे पसरवून पैसा करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, यात मला शंका नाही. तरीही तो निबंध मागे घ्यायला १२ वर्षे लागली, हेही विसरता येत नाही. शास्त्राची स्वतःची दुरुस्ती एवढी संथ असेल, तर आईबापांनी तेवढा काळ कुणाकडे पाहायचे?

तिसऱ्या आक्षेपाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले. २०२४ मध्ये थॉमस कॉस्टेलो, गॉर्डन पेनीकुक आणि डेव्हिड रँड यांनी ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कारस्थानावर विश्वास असणाऱ्या सुमारे दोन हजार लोकांनी आपापली कारणे लिहून कृत्रिम बुद्धिमत्तेशी संवाद केला. यंत्राने त्या कारणांना पुराव्यानिशी उत्तरे दिली, आणि विश्वास सरासरी २० टक्क्यांनी कमी झाला. दोन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. मग माहितीने काही होत नाही, असे कसे म्हणता येईल? तसे म्हणता येणारच नाही. पण त्या प्रयोगात माणसाला आधी त्याचे कारण विचारले गेले होते, मग नेमके त्याच कारणाला उत्तर दिले गेले, आणि हिणवले कुणीच नाही. मलकोवालमध्ये असे झाले नाही, आणि आपल्या टीव्हीवरच्या चर्चांतही होत नाही. शिवाय तो माणूस आपल्या खुर्चीत बसून, आपल्या मर्जीने बोलत होता. त्याच्या दाराबाहेर बंदूकधारी शिपाई उभा नव्हता.

साथीत एवढी उसंत कुठे असते, सक्ती करावीच लागते, हा शेवटचा आक्षेप. सक्ती कधीच नको असे माझे म्हणणे नाही. पण पुण्यातल्या सक्तीचा हिशेब पाहावा: मे १८९७ मध्ये साथ ओसरली, झडत्यांचे यश म्हणून अहवाल लिहिले गेले, आणि पावसाळ्यानंतर प्लेग पहिल्यापेक्षा जोराने परतला. पुढच्या काही वर्षांत सरकारला एकेक सक्ती मागे घ्यावी लागली. याउलट २०२० मध्ये धारावीत विलगीकरण सक्तीचेच होते. पण तिथे खाजगी दवाखाने चालवणारे, वस्तीला वर्षानुवर्षे ओळखणारे डॉक्टर महापालिकेबरोबर घरोघरी फिरले, विलगीकरण केंद्रात जेवण मिळाले, रमजानात रोज्याची सोय पाहिली गेली. धारावीच्या यशाचे श्रेय नेमके कशाचे, यावर वाद आहेत. मुंबईतल्या इतर काही झोपडपट्ट्यांत त्या जुलैमध्ये निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली होती, म्हणजे संसर्ग बराच आधीच होऊन गेला होता. तरी आर्थर रोडपासून फार दूर नसलेल्या त्या वस्तीत कुणी इस्पितळावर चालून गेले नाही, एवढे खरे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, टाळेबंदी सुरू असताना, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. मुले पळवणारे, माणसांचे अवयव काढून नेणारे लोक रात्री फिरतात, ही अफवा त्या भागात आधीच्या काही दिवसांपासून पसरली होती. काळीज काढणारे, मोमियाई काढणारे, मूत्रपिंड काढणारे: १२४ वर्षांत अवयव बदलला, सांगाडा तोच राहिला. तिघांचा जीव घेणाऱ्यांना कुठलाही इतिहास माफी देत नाही. पण दुर्गम आदिवासी पट्ट्यातल्या माणसाला रात्री येणारी गाडी काय घेऊन येते, याचा अनुभव काय आहे, एरवी तिथे सरकारची कोणती गाडी पोचते, अफवा पसरत असताना ती कुणाच्या कानावर गेली आणि कुणी तिची नोंद केली, हे प्रश्न फौजदारी खटल्यात येत नाहीत. घटनेनंतर काही तासांतच तिला धार्मिक रंग देणारी दुसरी अफवा देशभर फिरली, आणि ती पसरवणाऱ्यांत शिकलेल्यांचा भरणा होता.

रोगाची पहिली खबर जशी गावातून वर जाते, तशी अफवेची खबर वर नेणारी व्यवस्था आपल्याकडे नावालाही नाही, आणि ती उभी करणे अशक्य मुळीच नाही. उत्तर प्रदेशात नकार देणाऱ्या प्रत्येक घराचे कारण वहीत लिहिले जात होते. महाराष्ट्रात ते काम कोण करू शकेल हे सर्वांना ठाऊक आहे: आशा सेविका. कुठल्या घरात सासू लसीला नको म्हणते, कुठला माणूस ताप लपवून कामाला जातो आणि पाड्यावर काल रात्री काय बोलणे झाले, हे तिला कळते, कारण ती तिथलीच असते. करोनात घरोघरी पाठवली गेली तीच. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा सेविकांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. त्यांना आजही सरकारी कर्मचारी मानले जात नाही, कामाप्रमाणे मोबदला मिळणाऱ्या स्वयंसेविका म्हणूनच त्यांची नोंद आहे. त्यांच्याकडून गरोदर बाया, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग यांची माहिती नमुन्यांत भरून घेतली जाते. लोक काय म्हणतात, कशाला घाबरतात, कुणावर त्यांचा राग आहे, यासाठी त्या नमुन्यांत रकाना नाही.